पुठ्ठ्याच्या कारखान्यातला निळा फोटो

प्रिय फ्यूजराव,

तुझ्या कॅमेऱ्याची खरी किंमत मी परवा बसून काढली. दुकानदाराच्या बिलावर होती ती नव्हे, ती कधीच फिटली. खरी किंमत अशी. आपल्या पाटीवरचं तुझं नाव खरवडावं लागलं आणि तेवढाच पत्रा अजून वेगळा चमकतो. वर्कशॉपमधल्या दोन टेबलांपैकी एकावर आता रिकामे खोके साठतात. रविवारी दुपारी आमच्याकडे तीन ताटं लागायची, ती दोन झाली. आणि तुझ्या ताईचं माहेर गेलं. आईवडिलांनंतर तिला माहेर म्हणून तूच एक उरला होतास, तेही तू कॅमेऱ्याच्या त्या पिवळ्या पेटीत भरून घेऊन गेलास. एवढं सगळं मोजून हातात काय आलं, तर न शिवता गरम काय ते दाखवणारं यंत्र.

माझा फोन तू उचलत नाहीस. ताईचा उचलतोस, पण मागून माझं खोकणं कानावर पडलं की तुला एकदम कुठलं तरी काम आठवतं. म्हणून हा कागद. कागद मध्येच तोडता येत नाही. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस म्हणजे भांडायची हौस अजून शाबूत आहे, हे बरं झालं. वाचता वाचता तुझं डोकं तापेल. तापू दे. फ्यूज हे नाव मी ठेवलं नव्हतं, हे एकदाचं लिहून देतो. आपल्या वायरमन लोकांनी ठेवलं, कारण जरा प्रवाह वाढला की तू उडायचास आणि मग दुसऱ्या कुणीतरी येऊन तुला जागेवर बसवावं लागायचं. ते काम बहुतेक वेळा ताईनेच केलं. या वेळी तिने हात झटकलेत. म्हणते, "दोघंही घोडे झालात, तुमचं तुम्ही बघा."

तू कोर्स करून आलास, भिंतीला प्रमाणपत्र लावलंस. माझ्या भिंतीला कॅलेंडर आहे. मी जळक्या मोटारींच्या तारा सोडवता सोडवता शिकलो, शटर अर्धं ओढलेल्या दुकानात, आणि शिकवणारा उस्ताद तोंडाने कमी आणि पान्याने जास्त बोलायचा. तिथे मला एकच विद्या मिळाली, ती म्हणजे कान. पॅनेलच्या खोलीबाहेर उभं राहून, दार न उघडता, आतला कुठला जोड सैल आहे ते मी सांगतो. सैल जोड कुरकुरतो, तापलेल्या तव्यावर थेंब उडावा तसा बारीक. हे कान आहेत तोवर मला कुठल्या रंगीत चित्राची गरज नाही, असं मी कितीतरी मालकांना तोंडावर सांगितलंय, तुझ्यादेखत सांगितलंय, आणि त्यांनी मान डोलावलीय. तुझ्या कॅमेऱ्याला मी विरोध केला तो अडाणी होतो म्हणून नव्हे. आपल्या घरात विहीर असताना माणूस टँकर का मागवेल, एवढाच माझा प्रश्न होता.

आणि मेण. मेणाला तू किती हसलास. पॅनेल तयार झालं की तांब्याच्या पट्ट्यांच्या प्रत्येक जोडावर लाल मेणबत्तीचा एक तुकडा चिकटवायचा, ही उस्तादाची रीत. जोड तापला की मेण वितळून ओघळतं, आणि समोरच्या पारदर्शक शीटमधून कुणालाही दिसतं की इथे काहीतरी बिनसलंय. नवा होतास तेव्हा हे काम तुझंच. मेण हातात मळून अंगठ्याने दाबायचास, इतकं जोरात की प्रत्येक तुकड्यावर तुझ्या अंगठ्याच्या रेघा उमटायच्या. मी म्हणायचो, "अरे, मेण लावतोयस का सातबारा करतोयस?" पण कॅमेरा आला आणि त्याच मेणाला तू लोकांसमोर "भाऊजींचा थर्मामीटर" म्हणायला लागलास. वर हसायचास. ते मी ऐकलं होतं. मी सगळंच ऐकतो.

आता बर्फाच्या कारखान्याचं. तू ते विसरला नाहीस, मीही नाही, मग वरवर कशाला झाकायचं? तुझी पहिली मोठी तपासणी. मालक, त्यांचा इंजिनिअर, बर्फाच्या लाद्या ओढणारे निम्मे कामगार, सगळे तुझ्यामागे गोळा झालेले. तू शीट काढायला लावलंस, कॅमेरा रोखलास, आणि पडद्यावर मधल्या पट्टीवर एक भलामोठा गोल डाग पेटला. "बंद करा, आत्ताच्या आत्ता बंद करा," असं ओरडलास की इंजिनिअर स्वतः धावला. कारखाना बंद. बोल्ट तपासला तर तिथेच जन्माला आल्यासारखा घट्ट, तांबं हाताला थंडगार. पुन्हा चालू, पुन्हा फोटो, पुन्हा डाग, पण या खेपेला वीतभर सरकलेला. तेव्हा मला शंका आली. मी डावीकडे झालो, डाग डावीकडे झाला. मी खाली वाकलो, डाग बुडाला. चकचकीत तांबं म्हणजे तुझ्या कॅमेऱ्याला आरसा, हे त्या दिवशी तुला ठाऊक नव्हतं. तू ज्याच्यासाठी कारखाना बंद पाडलास ते माझं टक्कल होतं.

मी हसलो. कबूल, फक्त हसलोच नाही. हातातली टोपी छातीशी धरली आणि त्या कॅमेऱ्यासमोर कमरेत वाकून नमस्कार केला. बर्फवाले खाली बसून हसले. एकाच्या हातातून लादी ओढायचा आकडा पडला. तू कॅमेरा पेटीत ठेवलास आणि पेटीचे दोन्ही खटके लावलेस. दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं. तुझ्या जागी मी असतो तर तूही हसला असतास, मला खात्री आहे. फरक एवढाच की मी त्यावरून घर सोडलं नसतं. आणि हेही ऐकून ठेव, तू गेल्यावर ही गोष्ट मी जिथे जिथे कामाला गेलो तिथे तिथे सांगितली. "टकलाचा फोटोग्राफर" हे नाव मात्र मीच ठेवलंय. चांगलं चाललं. अजून चालतं.

एक गोष्ट तुझ्या बाजूने आहे, तीही ऐकली म्हणून लिहितो. त्यानंतर तू चकचकीत पट्टीवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवल्याशिवाय फोटो काढत नाहीस म्हणे, म्हणजे डाग खरा असेल तरच दिसतो. मला हे एका सूतगिरणीच्या वायरमनने सांगितलं. तो म्हणाला, "तुमचा मेहुणा फार चिकट माणूस आहे, अर्धा दिवस टेपच लावत बसतो." मी म्हटलं, घराण्यात आहे, त्याची बहीणही तशीच. मला राग आला होता, पण तो त्या वायरमनचा आला होता, तुला चिकट म्हणाला म्हणून. याचा अर्थ लावत बसू नकोस.

कॅमेरा नवा आणलास त्या रविवारी तू काय केलं होतंस ते आठव. ताईला म्हणालास, भिंतीला हात लाव. तिने लावला, काढला. मग आम्हाला पडद्यात दाखवलंस. ती बाजूला उभी, आणि भिंतीवर तिचा हात तसाच, पाचही बोटं उजळलेली, हळूहळू विझत गेलेली. ती दोनतीनदा पुन्हा लावून बघत राहिली. मग तू शेगडीकडे कॅमेरा वळवलास आणि म्हणालास, "भाऊजी, शेगडी बंद आहे ना? मग हा फोटो कचऱ्यात टाकायचा. पहिला नियम. पेटलेली असतानाच बघायचं. कारखाना पूर्ण लोडवर चालू असतानाच बघायचं, नाहीतर सगळं निळं दिसतं आणि निळं बघून माणूस झोपी जातो." शब्द तुझे आहेत. मी नुसते कानात ठेवले होते, आज परत करतोय.

कारण काल मी पुठ्ठ्याच्या कारखान्यात गेलो होतो. तेच पॅनेल, जिन्याखालच्या खोलीतलं, मी उभं केलेलं आणि तू मेण लावलेलं. माझ्याकडून ते काम काढून तुझ्याकडे दिलं तेव्हा मी काही बोललो नाही, निदान त्यांच्यासमोर नाही. त्यांच्याकडे दुसरं मशीन येतंय. येत्या सोमवारपासून दोन्ही एकाच पॅनेलवर चालणार. जोडणीसाठी जुना नकाशा हवा होता, तो माझ्याकडे, म्हणून मालकांनी बोलावलं. गेलो तर पॅनेलच्या दारावर तुझा अहवाल, प्लास्टिकमध्ये बंद करून, देवाच्या फोटोसारखा लावलेला. सगळं निळं. खाली तुझी सही आणि "दोष आढळला नाही".

मी चष्मा लावून वाचला. तारीख त्यांच्या साप्ताहिक सुट्टीची. मशीन बंद, वरच्या मजल्यावरच्या खोकी चिकटवणाऱ्या बायका घरी, पंखेसुद्धा बंद, आणि फ्यूजराव फोटो काढतायत. थंड शेगडीचा फोटो. मग दार उघडलं. शीटच्या स्क्रूंवर मी पूर्वी लाल रंगाची रेघ ओढून ठेवली होती, स्क्रू फिरला की रेघ मोडते. एकही मोडलेली नाही. म्हणजे तू शीट काढलंच नाहीस. त्या शीटमधून डोळ्याला दिसतं पण तुझ्या कॅमेऱ्याला दिसत नाही, हेही मला तूच शिकवलंस. तू प्लास्टिकचा फोटो काढून त्याला निर्दोष ठरवलंस. प्लास्टिक निर्दोषच आहे, त्याबद्दल वाद नाही.

आणि त्या निळ्यात, मधोमध, एक फिकट आकृती आहे. त्यांना ती दिसली नाही, मला दिसली, कारण अशा फोटोंचा मला अनुभव आहे. शीटमध्ये पडलेलं प्रतिबिंब. या खेपेला माझं नव्हे, तुझं. माझ्या टकलाला तू निदान लालबुंद रंग दिला होतास, स्वतःला नुसता पिवळट दिलायस. आकृती बसलेली आहे. तू बसून फोटो काढणारा माणूस नाहीस. शिडीवर एका पायावर उभा राहून काढणारा आहेस. मी वॉचमनला सहज विचारलं, तो म्हणाला, "आले, स्टूल मागितलं, दम खाल्ला, फोटो काढला, गेले. मालकच म्हणत होते, चालू दिवशी काम थांबवायचं नाही, सुट्टीला उरका." दम कसला खाल्लास, ते मी विचारलं नाही. ताईला यातलं काही सांगितलेलं नाही. पण धाप लागत असेल तर डॉक्टरकडे जायचं, माझ्यावरचा राग छातीत साठवून ठेवायचा नाही. एवढ्या मोठ्या रागाला ती जागा पुरत नाही.

आता मुद्द्याचं. तीन पट्ट्या, तीन मेणाचे तुकडे. डावा जागेवर आहे, तुझ्या अंगठ्याच्या रेघा अजून मोजता येतील इतका स्पष्ट. उजवाही आहे. मधला नाही. त्याच्या जागेपासून खाली एक लाल ओघळ गेलाय, टोकाला थेंब गोठलाय आणि त्यावर पुठ्ठ्याची धूळ बसलीय. हे एका मशीनच्या लोडवर झालंय. सोमवारी दुसरं लागलं की प्रवाह दुप्पट आणि ताप चौपट, हे तुला मी सांगायला नको. खोली जिन्याखाली. सगळीकडे कागदाचा भुसा, तळहात फिरवला तर पांढरा होतो. आणि वरच्या बायकांना खाली यायला तो एकच जिना.

मालकांना तिथल्या तिथे दाखवलं. म्हणाले, "अहो, किती वर्षांचं मेण, गळणारच की." मी म्हटलं, मग बाकीची दोन का नाही गळली? ते हसले, गोड माणूस आहे, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काम गेल्याचं दुःख मी समजू शकतो. पण यंत्राने तपासलंय, तुमच्याच मेहुण्याने तपासलंय. तुम्ही दोघं बोलत नाही हे माहीत आहे मला." माझीच करणी. टकलाची गोष्ट मी त्यांनाही रंगवून सांगितली होती. आता मी तुझ्या कामाबद्दल काही बोललो तर ते भांडण ठरतं. मग मी इरेला पेटलो. म्हटलं, तुमचा मधला जोड रडतोय, मला स्वच्छ ऐकू येतंय. त्यांनी खरंच पॅनेलला कान लावला. म्हणाले, मला तर काही ऐकू येत नाही. मी म्हटलं, ते ऐकायला जन्म घालवावा लागतो. सुपरवायझर तोंड फिरवून हसला. तसा मी बर्फाच्या कारखान्यात हसलो होतो, अगदी तसाच. मी नकाशा टेबलावर ठेवला आणि बाहेर पडलो.

म्हणून हे पत्र, तुझ्यावर प्रेम उतू चाललंय म्हणून नव्हे. त्या निळ्या फोटोवर सही तुझी आहे, आणि तो दारावरून खाली उतरवणारा हात जगात एकच आहे. माझं मेण त्यांना पटत नाही, तुझं यंत्र पटतं. शनिवारी दुपारी त्यांचं मशीन पूर्ण लोडवर असतं. तेव्हा जा. त्यांना सांग की पहिला फोटो रद्द, दुसरा मशीन पूर्ण लोडवर चालू असतानाच काढीन. आधी तेवढ्यापुरती वीज तोडून शीट काढायला लाव, मधल्या पट्टीवर टेप चिकटव, लोड पुन्हा चढू दे आणि तुझा तो लालबुंद डाग त्यांना दाखव. नाहीच दिसला तर तू जिंकलास, सगळ्या कारखान्यांत जाऊन माझ्या मेणाची गोष्ट सांग, मी ताईलाही ऐकायला बसवेन. पाना घेऊन मी बाहेर गेटजवळ उभा असेन, जोड आवळायला माणूस लागेलच. तू म्हणशील तेवढा लांब उभा राहीन, डोकं फोटोत येणार नाही. नंतर जेवायला यायचं की नाही ते तुझं तू ठरव. ताट मांडायचं की नाही ते ती ठरवेल, आणि तिने काय ठरवलंय ते मी काल रात्री भांड्यांच्या आवाजावरून ओळखलंय. राहता राहिली माझ्या कानांची गोष्ट. मालक गेल्यावर सुपरवायझरचं लक्ष चुकवून मी परत आत गेलो, दार लावून घेतलं, श्वास रोखला आणि त्या मधल्या पट्टीसमोर बराच वेळ उभा राहिलो. जोड तापलेला होता, आणि मला काहीही ऐकू आलं नाही.

तुझाच, तुला आवडो न आवडो,
भाऊजी